इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरली, तर भाजतो तो रूळ

पावसाळा लागला की एक व्हिडिओ नव्याने फिरू लागतो. चढावर थांबलेली मालगाडी, जागच्या जागी गरगरणारी इंजिनाची चाकं आणि खालून उडणाऱ्या ठिणग्या. सोबतचा मजकूर साधारण असा: ‘घाबरू नका. पोलादावर पोलाद घासलं की नुसती चकाकी येते. झिजतं ते चाक, रुळाला काही होत नाही. चूक ड्रायव्हरची असते. नव्या इलेक्ट्रिक इंजिनांत हे घडतच नाही. आणि रूळ तुटलाच, तर सिग्नल आपोआप लाल होतो.’

माझ्या वडिलांची सगळी नोकरी घाटाच्या पायथ्याशी कीमन म्हणून, म्हणजे रोज पायी चालत रूळ तपासण्यात गेली. हा मजकूर आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मला गप्प बसवेना.

‘झिजतं ते चाक.’ नेमकं उलटं आहे. मालगाड्या ओढणाऱ्या वॅग-९ इंजिनाच्या नव्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, म्हणजे घेर जवळजवळ ३.४ मीटर. चाक जागेवर फिरतं तेव्हा घर्षणाची उष्णता या सगळ्या घेरावर वाटली जाते. रुळाचा मात्र तोच एक ठिपका सतत चाकाखाली असतो, जेमतेम नाण्याएवढा. चाक ब्रेकने जाम होऊन तसंच घसरत गेलं, तर हा हिशेब फिरतो. तेव्हा चाकाचा एकच भाग भाजतो आणि तिथे चाक सपाट होतं. गाडीत बसल्यावर खालून एका लयीत ठक ठक ऐकू येते, ती अशा चाकाची. मजकूर लिहिणाऱ्याने या दोन गोष्टींची गल्लत केली आहे.

‘नुसती चकाकी येते.’ एक ढोबळ हिशेब करून बघा. इंजिनाच्या एका चाकावर सुमारे १० टन भार असतो. ओल्या रुळावर घर्षण त्याच्या दहा टक्के धरलं, तरी एक टनाचा जोर होतो. चाक ताशी १० किलोमीटरच्या वेगाने जागेवर फिरत असेल, तर सुमारे २७ किलोवॅट उष्णता तयार होते. घरातले २ किलोवॅटचे तेराचौदा गिझर एकदम चालू केल्यासारखं, आणि तेही नाण्याएवढ्या जागेत. त्यातली बरीच चाकात जाते हे खरं, पण उरलेली त्या ठिपक्याला काही क्षणांत ७३० अंशांच्या पुढे न्यायला पुरते. त्या तापमानाला पोलादाची आतली घडणच बदलते.

खरं नुकसान त्यानंतर होतं. चाकाला पकड मिळते, गाडी पुढे सरकते आणि भोवतालचा थंड रूळ ती उष्णता झपाट्याने ओढून घेतो. लोहार लालभडक कोयत्याला पाणी पाजतो, तसंच. फरक इतकाच की पाणी पाजल्यावर लोहार पातं पुन्हा हलकं तापवतो, नाहीतर धार काचेसारखी तुटते. रुळाला असं कोणी तापवत नाही. वर राहतो तो अतिशय कठीण आणि ठिसूळ थर, ज्याला धातुशास्त्रात मार्टेन्साइट म्हणतात. रेल्वेत या डागाला ‘व्हील बर्न’ म्हणतात. लहानपणी कापून काढलेल्या रुळाच्या तुकड्यावर मी असा डाग पाहिला होता. लांबट गोल, निळसर झाक असलेला. अंगठा फिरवला की मधली किंचित खोली लागायची आणि कडेला केसासारख्या बारीक चिरा दिसायच्या.

मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर असते. एवढ्या जाड रुळाला एका डागाने काय होणार, असं कोणालाही वाटेल. पण ५८ वाघिणींची मालगाडी गेली की २३२ आसांची (ॲक्सलची) चाकं त्या खळग्यावर आपटतात. चिरा खाली उतरतात, पापुद्रे सुटतात, खालची खडी बसते आणि आपटणं वाढत जातं. अल्ट्रासोनिक तपासणीत वरचा खराब थर ध्वनिलहरी अडवतो, त्यामुळे त्याखालची उतरती चीर निसटू शकते. मला सगळ्यांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

‘चूक ड्रायव्हरची.’ हे वाचून फार वाईट वाटलं. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी हे दोन्ही घाट ३७ला १ असे चढतात, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. म्हणूनच गाड्यांना बँकर, म्हणजे मदतीची जादा इंजिनं जोडावी लागतात. त्यात पहिली भुरभुर पडली की गंज, तेल आणि धूळ मिळून रुळावर निसरडा लेप बसतो. मुसळधार पावसात तो धुऊन तरी जातो. अशा वेळी लाल सिग्नलला थांबलेली गाडी चढावर पुन्हा सुरू करायची असते. जोर कमी लावला तर गाडी मागे येईल, जास्त लावला तर चाकं ‘सुटतील’, म्हणजे पकड सोडून जागच्या जागी फिरतील. लोको पायलट आधी जोर उतरवतो आणि मग सँडरने वाळू सोडतो. चाक जोरात सुटलेलं असताना वाळू टाकली, तर ते एकदम पकडतं आणि गिअर-मोटरला हिसका बसतो. हे सगळं काही सेकंदांत ठरवावं लागतं.

‘नव्या इंजिनांत हे घडतच नाही.’ कमी घडतं, एवढं खरं. जुन्या वॅग-५, वॅग-७ मधल्या डीसी मोटरचं चाक सुटलं की तिचा वेग वाढतच जायचा. १९९६पासून आलेल्या वॅग-९च्या थ्री-फेज मोटरचा जोर वेग वाढताच उतरतो, शिवाय संगणक लक्ष ठेवतो. पण धोका टळलेला नाही.

‘सिग्नल आपोआप लाल होतो.’ ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांतूनच वीज खेळवून गाडी ओळखणारी यंत्रणा, असलेल्या मार्गावर रूळ पूर्ण तुटून फट पडली, तर बहुधा होतो. नुसती चीर असेल तर नाही. आणि जिथे ॲक्सल काउंटर आहेत, ते फक्त आस मोजतात. तिथे तुटलेला रूळही कळत नाही.

तो कळतो पायी चालणाऱ्या माणसाला. थंडीत लांब जोडलेला रूळ आकसू बघतो, ताण वाढतो आणि पावसाळ्यात भाजलेली जागा डिसेंबरच्या पहाटे तुटू शकते. त्या दिवसांत बाबा अंधार असतानाच निघायचे. पिशवीत पाना, हातोडा, लाल झेंडी आणि धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके. बत्ती रुळालगत खाली धरायचे, म्हणजे उजेड तिरका पडून खळग्यात सावली दिसते. एका रुळावर डाग सापडला की ते लगेच समोरच्या रुळाकडे वळायचे, कारण एका आसावरची दोन्ही चाकं एकदमच फिरतात आणि डाग जोडीने पडतात.