भंडारदरा 'दोन दिवसात कव्हर' करणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे संपत आला की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला दोन दिवसात काय काय होईल? आणि कुणीतरी लगेच यादी टाकतंच. शेंडीचं धरण, रंधा फॉल, अंब्रेला फॉल, रतनवाडीचं मंदिर, रतनगड, सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा, जमलं तर पहाटे कळसूबाई आणि रात्री काजवे. माझं म्हणणं एवढंच की ही यादीच चुकीची आहे. यातली एकही जागा टाकाऊ नाही, पण प्रत्येकीचा महिना वेगळा आहे. सगळं एकाच वीकेंडला उरकायला गेलात की निम्मं बंद असतं, थोडं धोक्याचं असतं आणि जे उरतं तिथे पोचेपर्यंत गाड्यांची रांग.

आता सांदणच घ्या. साम्रद गावातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की जमिनीला पडलेली ती भेग सुरू होते, दोन्ही बाजूला दोनशे फुटांच्या वर उभा कातळ आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. ऊन तळापर्यंत फारसं पोचतच नाही. भारी जागा आहे, वादच नाही. पण जरा डोकं लावा ना, ती आहे काय? वरच्या पठारावरचं पाणी कोकणात उतरायची वाट आहे ती. पावसाळ्यात वर कुठेतरी जोरात सर आली तर ते पाणी तुमच्या अंगावरूनच खाली जाणार, आणि मधेच बाजूला चढून जायला वाव नाही. म्हणून पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते, आणि ती अगदी बरोबर आहे, वनखात्याला काही तुमची मजा बघवत नाही असं नाहीये. तरीही दर जुलैला कुणीतरी विचारतंच, "कुणी ओळखीचं आहे का, सोडतील का?" अरे बाबा नोव्हेंबरनंतर जा की! तेव्हाही सुरुवातीच्या डोहात कमरेएवढं गार पाणी लागतं, उन्हाळ्याकडे ते उतरत जातं. दरीतून परत फिरायचं की दोर लावून थेट खाली कोकणातल्या डेहणे गावाला उतरायचं हे वर असतानाच ठरवा, आणि उतरायचं असेल तर माहितगार माणूस आणि नीट साहित्य असल्याशिवाय नाही.

काजव्यांचा मोसम मेचा शेवट ते जूनचा मध्य, पाऊस लागून राहिला की संपलं. आणि याबद्दल मला खरंच राग आहे. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना शोधायची खूण आहे, मोठं झाल्यावर त्यांच्याकडे मोजके दिवसच असतात आणि तेवढ्यात जोडी जमून अंडी घालायची असतात. त्याआधीचा बराच काळ अळी होऊन मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खात काढलेला असतो. आणि आपण काय करतो, तर त्याच झाडाखाली गाडी हेडलाइट चालू ठेवून उभी करतो, मोबाइलचा टॉर्च मारतो, पोरांना बाटलीत काजवे धरून देतो आणि ज्या गवतात मादी बसलेली असते ते तुडवत फोटोला उभे राहतो. (फोटो येत नाहीच. मोबाइलमध्ये काळा चौकोन येतो. मग फ्लॅश मारतो.) मागे एकदा तळ्याकाठच्या एका कॅम्पवर रात्री अकरा वाजता स्पीकर चालू होते, समोरच्या सादड्याच्या झाडावर काजवे आणि इकडे आयटम साँग. आम्ही जिथे उतरलो होतो तिथले बाबा ओट्यावर बसून म्हणाले, "लांबून लांबून अंधार बघाया येत्यात, आन येताना उजेड घेऊन येत्यात." यावर काय बोलणार!

हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे हे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं. १९८६ पासून आहे, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. नाक्यावर पावती फाडली की काम झालं असं वाटतं लोकांना.

बरं, पावसाळ्यात जाऊच नये का? जा ना, पण मंगळवारी-बुधवारी जा आणि गड-दऱ्यांचा हट्ट सोडून जा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसात रतनवाडीला नुसतं बसून राहिलं तरी पुरतं, खाचरात गुडघाभर चिखलात सगळं घर वाकलेलं असतं, समोरच्या कात्राबाईच्या कड्यावरून किती धबधबे पडतायत ते मोजता येत नाहीत. फक्त त्या खाचरात रील करायला उतरू नका, रोप लावलेलं असतं हो तिथे. अंब्रेला फॉलचं एक सांगतो, तो पावसावर नाही तर धरणातून पाणी सोडलंय की नाही यावर असतो. लोक भर जुलैत येऊन कोरडा खडक बघतात आणि गावकऱ्यांवर चिडतात. खालचा रंधा मात्र प्रवरा नदीला भरपूर पाणी असलं की बघण्यासारखा, जवळपास १७० फुटांवरून पडतो, कठड्याच्या आत राहून बघा म्हणजे झालं.

रतनवाडीचं ते अमृतेश्वर मंदिर मात्र बारा महिने. आणि सगळ्यात जास्त अन्याय याच्यावरच होतो. यादीवाले तिथे दहा मिनिटं थांबतात, नंदीसोबत एक फोटो, चप्पल घातली, चला सांदणला. अहो, हजारेक वर्षं जुनं मंदिर आहे ते! शिलाहारांच्या झंझ राजाने नद्यांच्या उगमांवर बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलं हे प्रवरेचं, असं सांगितलं जातं. सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतात लोक, पण हेमाडपंत तेराव्या शतकातला, झंझ त्याच्या कितीतरी आधीचा. शिखर नीट बघा, भूमिज पद्धतीचं आहे. चारही बाजूंनी वरून खालपर्यंत नक्षीची एकेक उभी पट्टी उतरते आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, खालची मोठी, वरची लहान, वरची अजून लहान. एकदा ते लक्षात आलं की मान खाली येत नाही. सकाळी लवकर गेलात तर तिरक्या उन्हात ही नक्षी उठून दिसते, दुपारी बारा वाजता सगळं सपाट काळं. आतल्या खांबांवर आणि छतावर कोरीव काम आहे त्यासाठी डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं, दहा मिनिटं त्यातच जातात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. मंदिराला पुढून-मागून दोन्हीकडून दार आहे, हेही पटकन लक्षात येत नाही. आणि जवळच पायऱ्यांची पुष्करणी आहे, चारी बाजूंना देवकोष्ठं म्हणजे मूर्तींचे कोनाडे, आत बऱ्याच विष्णूच्या मूर्ती. तिच्यात चिप्सचं पाकीट तरंगताना बघितलंय मी. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, पण संरक्षण करणार कोण, बोर्ड?

रतनगडासाठी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. सोनकीची पिवळी फुलं फुललेली असतात, हवा स्वच्छ, वाट जंगलातून प्रवरेचा ओहोळ ओलांडत जाते. शेवटी लोखंडी शिड्या आणि मग गणेश दरवाजा. पाऊस चालू असताना या शिड्यांवर जी गर्दी होते ती बघून पोटात गोळा येतो, वरचा उतरतोय, खालचा चढतोय, मधेच एकाला सेल्फी हवाय आणि बाजूला माकडं पिशव्यांवर टपलेली. गड १२९७ मीटर उंच, वर नेढं आहे, म्हणजे डोंगराच्या धारेला आरपार पडलेलं भोक, ज्यात बसलं की वारा अक्षरशः ढकलतो. तिथून एका नजरेत अलंग, मदन, कुलंग हे गड, कळसूबाई आणि खाली अख्खा जलाशय. ढगात गेलात तर यातलं काही म्हणजे काही दिसत नाही, एवढं चढून पांढरा पडदा. उतरताना त्र्यंबक दरवाज्याने साम्रदकडे जाता येतं, पण वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्याच.

आणि धरणाबद्दल थोडं. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पूर्ण, गव्हर्नर विल्सनच्या नावाने विल्सन डॅम. जलाशयाला आता आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. राघोजी याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, इंग्रजांनी २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. तळ्याकाठी तंबू ठोकणाऱ्या कितीजणांना हे नाव माहीत आहे, विचारून बघा एकदा. या पाण्यावर खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. आणि जिथे हा सगळा पाऊस पडतो तिथल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायकांना हंडे घेऊन पायपीट करावी लागते. डोंगर उताराचा, पाणी थांबत नाही, धरणाचं पाणी पायथ्याशी दिसतं पण वर घरात येत नाही. म्हणून उन्हाळ्यात काजवे बघायला गेलात आणि उतरलात तिथे बादलीच मिळाली तर शॉवर कुठाय म्हणून तोंड वाकडं करू नका, ती बादली कुणीतरी डोक्यावरून आणलेली असू शकते.

राहायचं तर गावातच, कुणाच्या तरी घरी. जेवायला पनीर मागू नका. नागलीची भाकरी, काळभात नावाचा इथला तांदूळ, पिठलं, जे असेल ते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना गावठी बियाणं जपलं म्हणून २०२० ची पद्मश्री मिळाली, आणि आपण इथे येऊन इंस्टंट नूडल्स मागायचे? बरेचसे लोक महादेव कोळी आणि ठाकर, जंगलाची माहिती विचाराल तेवढी देतात. वाटाड्याच्या पैशात घासाघीस तर अजिबात नको, पेट्रोलपंपावर करता का कधी?

तर यंदाचं ग्रुपला सांगून टाकतो. जूनच्या त्या ट्रिपला मी नाही. ऑक्टोबरला रतनगड आणि मंदिर, राहणं रतनवाडीत, गुरुवार-शुक्रवार. सांदण वेगळं, डिसेंबर-जानेवारीत, साम्रदच्या दादांना आधी फोन करून. ज्यांना सुट्टी मिळत असेल त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका, गाडीत जागा आहे, स्पीकर आणायचा नाही.