घर चालवण्याचा दिवस

आमच्या आरव्ही (म्हणजे आतच राहायची सोय असलेली घरासारखी गाडी) सफरीचा आज अकरावा दिवस आणि स्टिअरिंगवर बसण्याचा माझा पहिला. दहा दिवस नवरा गाडी चालवत होता आणि मी 'बाकीचं' बघत होते. काल रात्री सहज या 'बाकीच्या'ची मोजदाद करायला बसले, ती दोन पानं झाली. म्हटलं, उद्या अदलाबदल. तो लगेच हो म्हणाला. त्याला वाटलं, सुट्टी मिळाली.

सकाळी पहिलंच काम टाक्या रिकाम्या करण्याचं. ज्यांनी आरव्ही पाहिली नाही त्यांच्यासाठी: गाडीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. सिंक आणि अंघोळीचं पाणी जातं ती ग्रे, संडासाची ती ब्लॅक. रिकामी करायची ती ब्लॅक आधी, म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी तोच पाइप धुऊन काढतं. साहेबांनी ग्रे आधी सोडली. मग पाइप धुवायला वेगळं पाणी, वेगळा अर्धा तास आणि चेहऱ्यावर वेगळेच भाव. मी काही बोलले नाही. (खोटं कशाला सांगू, थोडं बोलले.) तरी ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह एरवी बंद ठेवायचा, हे त्याला नशिबाने ठाऊक होतं. तो उघडा राहिला की पाणी निघून जातं आणि ऐवज तळाशी साचून वाळतो. पुढचं वर्णन करत नाही.

मग गॅस बंद, वायर काढून गुंडाळणं, छताच्या खिडक्या, जॅक वर, पायरी आत, कपाटांच्या कड्या. कड्या लावल्या का विचारलं, तर "लावल्या" म्हणाला.

निघालो. आता माझी कबुली. मला दहा दिवस वाटत होतं की हा नुसता बसलेला असतो. तसं नाहीये. साडेसात मीटरच्या गाडीत मागच्या चाकांच्या मागे केवढा तरी भाग लोंबत असतो. तुम्ही उजवीकडे वळलात की ही शेपटी डावीकडे झुलते, आणि शेजारी खांब असेल तर तो गेला. बाजूने मोठा ट्रक गेला की हवा आधी ढकलते, मग ओढते. पहिल्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लांबच्या डोंगरउतारावर ब्रेकवर पाय दाबून बसायचं नसतं, ते तापून निकामी होतात. गिअर खालचा टाकायचा आणि इंजिनलाच गाडी धरू द्यायची. इंजिन ओरडतं, ओरडू द्यावं.

वेग ८०च ठेवला. मागचे लोक चिडत होते, चिडोत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० ने गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. कपाटासारख्या उभ्या गाडीला तो सगळा इंधनातून मोजावा लागतो.

तासाभराने मागून खडखडाट. एक खण उघडून चमचे जमिनीवर. तो उठायला लागला. "बेल्ट काढू नकोस, बस," म्हटलं. पुढची थांबायची जागा वीस किलोमीटरवर होती. वीस किलोमीटर चमचे प्रत्येक वळणावर इकडून तिकडे गेले. दोघंही अगदी गप्प होतो.

बाजूला बसणाऱ्याचं खरं काम मात्र त्याने नीट केलं. गाडीची उंची ३.२ मीटर, हे डॅशबोर्डवर चिकटवलेलं आहे. फोनवरच्या साध्या नकाशाला आपण कार आहोत की घर हे कळत नाही, तो खुशाल बुटक्या पुलाखाली घालतो. त्याने असा एक पूल वेळेत ओळखला आणि आम्ही वळसा घेतला.

खरी परीक्षा मुक्कामावर, रिव्हर्समध्ये. मागे उभा राहून तो "ये ये ये" करत होता आणि मग एकदम "अगं डावीकडे!" कुणाच्या डावीकडे? माझ्या की तुझ्या? दहा दिवस मी तिथेच उभी राहून हेच ऐकत होते, फक्त उलट बाजूने. शेवटी ठरवलं: तोंडाने बोलायचंच नाही, नुसते हात. आणि आरशात तो दिसेनासा झाला की मी ब्रेक मारायचा, मग कितीही वाटो की जागा आहे. तिसऱ्या प्रयत्नात बसली. बघायला शेजारचे दोघं खुर्च्या घेऊन आले होते.

पाणसळ लावून गाडी सपाट करण्याचं कामही त्याचंच होतं. आमचा फ्रिज गॅसवर चालणारा आहे, गाडी तिरकी असली तर तो नीट गार करत नाही. हा थेट जॅकने गाडी उचलायला निघाला. ते जॅक गाडी हलू नये म्हणून असतात, उचलायला नाहीत. आधी चाकाखाली फळ्या, मग चाकांना अडकण, मग जॅक.

बरेच अनुभवी लोक सांगतात, ज्याला जे जमतं त्याने ते करावं, उगाच प्रयोग कशाला. मला हे साफ पटत नाही. चालवणाऱ्याला मधेच ताप भरला, पाठ धरली, तर काही टनांचं घर रस्त्याच्या कडेला कोण हलवणार? आणि ताप सोडा, दुसऱ्याचं काम एकदा केल्याशिवाय त्याच्यावर ओरडण्याचा आपला हक्क किती पोकळ आहे ते कळत नाही. हे मी माझ्याबद्दलही म्हणतेय. फक्त भाड्याची गाडी असेल तर दुसऱ्या चालकाचं नाव करारात आधी घालून घ्या, नाहीतर अपघातात विमावाले हात वर करू शकतात. आणि परवान्यात तेवढ्या वजनाची गाडी बसते का, तेही बघा.

उद्या अर्धा दिवस तो, अर्धा मी. आत्ता तो खणांच्या कड्या तपासतोय. निघायला अजून बारा तास आहेत.