कडेनं जावा की ओ!

सायकलचं पंक्चर नशिबानं होत नाही. प्रत्येक भोकाला पत्ता असतो. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला भोक असेल तर गुन्हेगार रस्त्यावरचा. रिमकडच्या अंगाला असेल तर तो घरचाच, पट्टी झिजून वर आलेलं स्पोकचं टोक. आणि जोडीनं दोन भोकं दिसली तर हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेंगरली. हे शास्त्र मला बेळगावातल्या वडगावच्या पंक्चरवाल्या मामांनी शिकवलं. शिकवणी वेगळी घेतली नाही, पंक्चरच्या पैशातच ती वसूल होत गेली.

वडगाव ते उद्यमबाग हा माझा कामाचा रस्ता. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीनशॉप. लेथवरची बर, म्हणजे धातूची निघालेली साल, टेम्पोत भरून भंगारात जाते आणि जाता जाता थोडी थोडी रस्त्यालाही वाटत जाते. निळसर, कुरळी, दिसायला देखणी. हालग्याकडून येणाऱ्या आमच्या सोबत्याला महामार्गाची मेहेरबानी: ट्रकच्या फुटक्या टायरातून निघालेल्या बारीक पोलादी तारा, ज्या डोळ्याला दिसत नाहीत, ट्यूबला बरोब्बर सापडतात. येळ्ळूरकडच्यांना बाभळीचे काटे. जसं गाव, तसं भोक.

त्यात आमचा पाऊस. ओल्या रबरात टोकदार वस्तू सहज शिरते, पाणी तिथं वंगणाचं काम करतं. म्हणजे रेनकोट घालून, सायकल हातात धरून चालायचा हंगाम तोच.

पण खरा घोळ कडेचा आहे. बसवाला हॉर्न मारून ओरडतो, “कडेनं जावा की ओ!” मागनं रिक्षावाला तेच कानडीत, “सायडिगे होग्री!” सीमाभागात एवढ्या एका मुद्द्यावर दोन्ही भाषांचं एकमत आहे. आता बघा, मोठ्या गाड्यांची चाकं रस्त्याच्या मधला खिळा, काच, बर उडवून कुठं टाकतात? कडेला. उरलेलं पावसाचं पाणी वाहून कुठं नेतं? कडेला. जाड टायरवाल्यांना झाडलेला रस्ता आणि पातळ टायरवाल्याला तो झाडलेला केर! त्यातही मार खातं बहुधा मागचंच चाक. वजन त्याच्यावर, शिवाय पुढचं चाक आडवा खिळा उभा करून पुढं निघून जातं. सुपरवायझर आणि हेल्पर यांचंही असंच असतं, पण ते जाऊ दे.

उपाय सांगणारे भरपूर. एकानं लिंबू-मिरची बांधायला सांगितलं. दुसऱ्यानं भरीव रबराचा टायर सुचवला. बेलफास्टच्या डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला आणि 1888 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते भरीव टायरचे हादरे चुकावेत म्हणूनच. पोराचे हादरे गेले, आमचे सुरू झाले. तरी खानापूर रोडवर भरीव टायर नको. ट्यूब राहील, मणके जातील.

मामांचे उपाय मात्र साधे. टायरच्या कडेला हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो, माझ्या टायरवर 45 ते 65 पीएसआय. तेवढी हवा दर आठवड्याला बघायची. अंगठ्यानं दाबून “ठीक आहे” म्हणायचं नाही, अंगठ्याला पीएसआय कळत नाही. रिमची पट्टी बदलायची. टायर गुळगुळीत झाला की मोह सोडायचा. जुनी ट्यूब उभी कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये अस्तर घालायचं. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवायची, जपून, कारण काटा तिथंच बसलेला असतो. तो काढला नाही तर दुसरं पंक्चर कोपऱ्यावरच. आणि कडेपासून हातभर आत चालवायची, शिव्या दोन्ही भाषांत ऐकत.

हे सगळं केलं. पंक्चर जवळजवळ थांबलं.

पण पूर्वी मामा लांबूनच बघून स्टूल पुढं करायचे, पोराला चहा सांगायचे, “कुठनं आणूलालाय ओ रोज?” म्हणून मायेनं खिळा हातावर ठेवायचे. आता मी फक्त हवा भरायला जातो. मामा घमेल्यातल्या ट्यूबवरची नजर न काढता हनुवटीनंच पंप दाखवतात.

“तुमचं तुम्हीच मारून घ्या.”