फ्रीझरवर नाव कुणाचं?

एका उद्योगपतीने कॅन्सरच्या संशोधनाला मोठी देणगी दिली म्हणून त्याचा सत्कार झाला. तो फोटो मास्तरांनी मोबाईलवर सगळ्यांना दाखवला आणि संध्याकाळ कामाला लागली.

"टॅक्समध्ये सूट, भिंतीवर नाव, वर सत्कार. अजून काय द्यायचं राहिलंय त्याला?" वकील म्हणाला. (त्याने वकिली कधीच केलेली नाही. भांडतो म्हणून नाव पडलं.)

"त्याने दिले तरी. तू काय दिलंस?"

"मी कुणाला कॅन्सरही दिला नाही, मास्तर."

हे नुसतं तोंडाला आलं म्हणून बोलला असं आम्हाला वाटलं, पण गडी तयारीने आला होता. अमेरिकेतले उद्योगपती डेव्हिड कोक. स्वतः प्रोस्टेटच्या कॅन्सरचे पेशंट. 2007 मध्ये त्यांनी तिकडच्या एमआयटी विद्यापीठाला कॅन्सर संशोधनासाठी 10 कोटी डॉलर दिले, तिथल्या कॅन्सर संस्थेला त्यांचं नाव लागलं. तिकडच्या सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग सल्लागार मंडळावरही ते होते. आणि त्याच काळात त्यांच्या उद्योगसमूहातली जॉर्जिया-पॅसिफिक ही कंपनी फॉर्माल्डिहाइड बनवत होती, आणि या रसायनाने माणसाला कॅन्सर होतो असं सरकारने अधिकृतपणे म्हणायला तिचा विरोध होता. शेवटी 2011 मध्ये सरकारने ते म्हटलंच.

"आता सांगा, हार कुठल्या हाताने घालायचा?"

मास्तर गप्प. पीएचडी मात्र गप्प बसला नाही. आमच्यात तोच एकटा प्रयोगशाळेत काम करतो. त्याचं म्हणणं, कोक यांच्या नावाच्या त्या संस्थेच्या इमारतीत जीवशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर मुद्दाम एकाच मजल्यावर बसवलेत, आणि तिथून निघणारं काम खोटं नाही. पैसा कुणाचा हे पेशीला कळत नाही.

"पेशंटलाही कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. वॉर्डात आयुष्य गेलंय त्यांचं. "सलाईन लावताना कुणी मला देणगीदाराचं चारित्र्य विचारलेलं नाही."

"ते विचारत नाहीत म्हणून तर आपण विचारायचं, सिस्टर!"

मास्तरांना आता सूर सापडला. त्यांनी दोराबजी टाटा काढले. 1931 मध्ये पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने ट्रस्ट केला, ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि तोही कुठल्याही देशातल्या संशोधकासाठी खुला. "1932 साल, वकील! हा रोग बरा करणारं औषध तेव्हा नव्हतंच. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी मुलांमधला ल्युकेमिया औषधाने काही काळ का होईना मागे हटतो हे दाखवलं ते 1948 मध्ये. सोळा वर्षं आधी हा माणूस पैसे ठेवतो. नफा सोडा, आशासुद्धा नव्हती." आणि ट्रस्ट केला त्याच वर्षी, 1932 मध्ये, दोराबजी स्वतःही गेले. पाहायला राहिले नाहीत.

यावर वकिलाने मान डोलावली, जे वर्षातून दोनदा होतं. मग लगेच भरपाई केली. "पण आपल्याकडचा लिग्नोकेनचा प्रयोग घ्या." तो टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केलेला. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती भूल देण्याचं साधं इंजेक्शन. 1600 बायका, अनेक केंद्रं, दहा वर्षांवर काळ. पाच वर्षांनी रोग न परतता जगणाऱ्यांचं प्रमाण 82.6 वरून 86.6 टक्के. "औषध जुनं, पेटंट नाही, म्हणून कंपनीला रस नाही. पैसे दिले अणुऊर्जा खात्याने. म्हणजे आपल्या करातून. झाला का तुमचा-माझा सत्कार?"

"म्हणून शेठ लोकांची दानत नको?" मास्तर तडकले. त्यांनी नाइकीच्या फिल नाइटचं उदाहरण दिलं. 2013 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या आरोग्य विद्यापीठाला सांगितलं, कॅन्सर संशोधनासाठी दोन वर्षांत 50 कोटी डॉलर उभे करा, तेवढेच मी घालतो. विद्यापीठाने मुदतीत उभे केले, दहा हजारांवर लोकांनी दिले.

"त्यात राज्य सरकारचे 20 कोटी होते. आणि संस्थेवर नाव कुणाचं?"

"नाइटचं."

"धन्यवाद."

इथे मी पहिल्यांदा वकिलाच्या बाजूला सरकलो, पण अर्धाच. अट नसती तर ते दहा हजार लोक खिशात हात घालते का, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. मला आकड्यापेक्षा दुसरंच खुपत होतं. देणगी इमारतीला मिळते, कारण इमारतीची फीत कापता येते. मी तसं म्हटलं आणि पीएचडी एकदम उसळला.

"आमचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर माहितेय? पेशंटच्या गाठींचे नमुने असतात त्यात. कित्येक वर्षांचे, परत न मिळणारे. फ्रीझर घ्यायला ग्रँट मिळते. पण तो रात्री बंद पडला तर धावत येणारा जो टेक्निशियन आहे, त्याचा पगार कशात बसवायचा, यावर दर वर्षी मिटिंग. प्रोजेक्ट संपला की त्याची नोकरीही संपली. त्याच्या पगाराची दहा वर्षांची हमी जो देईल ना, त्याचा सत्कार मी स्वतः करीन. तो रसायनवाला असला तरी."

"तरी?" वकिलाने कान टवकारले.

"...आधी विचारीन, काय बनवतोस म्हणून. मग करीन."

"आणि नाव कुठे लावणार? फ्रीझरवर?" मास्तरांनी विचारलं.

"तिथे जागा नाही. कंपनीचं आहे."

"देणगी देणाऱ्या?"

"फ्रीझर बनवणाऱ्या."