कार्यशाळेत न सांगितलेली गोष्ट

'ग्रंथपालांना समाजमाध्यमं शिकवायला एक दिवसाची कार्यशाळा पुरे' हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. आमच्या 'क' वर्ग (सरकारी अनुदानासाठीच्या वर्गवारीतल्या) वाचनालयातल्या ग्रंथपाल मॅडम अशाच एका कार्यशाळेत व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, शिकून आल्या. नव्या पुस्तकांचे फोटो पाठवायच्या, पण कित्येक सभासदांना ते पोचायचेच नाहीत. ज्याच्या मोबाइलमध्ये वाचनालयाचा नंबर सेव्ह नाही, त्याला ब्रॉडकास्ट मिळत नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं! मग देवघेवीच्या टेबलावर एकेकाचा फोन घेऊन त्यांनी स्वतः नंबर सेव्ह करून दिले. आता मुखपृष्ठाचा फोटो गेला की लगेच "माझ्यासाठी ठेवा" असे मेसेज येतात.

आणि हे सगळं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर. तुटपुंज्या अनुदानात हा खर्च कुठे बसवायचा, यावर लेखात एक ओळही नाही.