‘पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या’? ट्रायबीटाबद्दलच्या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कॉलेजातल्या ऑनर सोसायट्या, म्हणजे चांगल्या गुणांवर सदस्य करून घेणाऱ्या संस्था, हे सर्टिफिकेट विकायचं दुकान. तिथे टॉपर्सचे लाड होतात, मेडिकलला काडीचा उपयोग होत नाही, आणि आपल्या कॉलेजात त्यांचा चॅप्टर, म्हणजे शाखा, सुरू करायला जाणं म्हणजे तर लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.

मी ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात बायॉलॉजीची लॅब सांभाळते. आमच्याकडे बायॉलॉजीच्या मुलांच्या ऑनर सोसायटीचा, बीटा बीटा बीटाचा, म्हणजे मुलांच्या भाषेत ट्रायबीटाचा, चॅप्टर निघाला तेव्हा निम्मी कागदपत्रं माझ्याच टेबलावर जुळली. म्हणून हा खटाटोप.

‘दुकान आहे’. अशी दुकानं आहेत, हे आधीच कबूल करते. ‘अभिनंदन, तुमची निवड झाली’ असा ईमेल येतो, खाली कार्ड नंबरची चौकट असते, आणि त्या संस्थेचं नाव कॉलेजात कुणी ऐकलेलंही नसतं. पण ट्रायबीटाला त्याच माळेत ओवणं चूक आहे. १९२२ साली ओक्लाहोमा सिटी विद्यापीठात फ्रँक ब्रुक्स या प्राध्यापकांनी ती सुरू केली. आजवर तिचे सहाशेहून जास्त चॅप्टर निघाले आहेत. फी आहे, ती सदस्य होताना एकदाच. शंका असेल तर मुलाला सांगा, बायॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये जाऊन फक्त एवढंच विचार: ‘इथल्या चॅप्टरचे फॅकल्टी ॲडव्हायजर, म्हणजे तो सांभाळणारे प्राध्यापक, कोण?’ एखादं नाव आणि खोलीचा नंबर मिळाला, तर मागे खरं माणूस आहे. उत्तर नाही मिळालं, तर तो ईमेल खुशाल डिलीट करा.

‘टॉपर्सचे लाड’. पूर्ण सदस्यत्वाला बायॉलॉजीत साधारण ‘बी’ची सरासरी लागते. हे गुण चांगले आहेत, पण त्यासाठी टॉपर असावं लागत नाही. ज्यांची अट अजून पुरी झालेली नाही, त्यांच्यासाठी असोसिएट सदस्यत्व आहे.

(ग्रीक अक्षरं बघून एका आईनं विचारलं होतं, ‘पार्ट्यावाल्या फ्रॅटर्निटीतलं तर नाही ना?’ नाही हो. मुलांच्या त्या क्लबांची नावंही ग्रीक अक्षरांची असतात, एवढंच साम्य.)

‘उपयोग शून्य’. अर्जात नुसतं नाव टाकून मेडिकलची दारं उघडत नाहीत, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. उपयोग होतो तो चॅप्टरमध्ये जे काम केलं त्याचा. ‘बायोस’ हे संस्थेचं नियतकालिक १९३० पासून निघतंय. पदवीच्या मुलांचं संशोधन तिथे छापून येतं. संशोधनासाठी चॅप्टरांना छोटी अनुदानं मिळतात, आणि विभागीय अधिवेशनात मुलं आपलं काम स्वतः उभं राहून मांडतात. आणखी एक गोष्ट मेसेजवाल्याच्या गावीही नाही. मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीचं सदस्यत्व असेल, तर अमेरिकी सरकारच्या बऱ्याच नोकऱ्यांत जीएस-५ ऐवजी थेट जीएस-७ वेतनश्रेणीवर सुरुवात करता येते. मात्र चारपैकी ३.० सरासरीवरही तीच सवलत मिळते, आणि या नोकऱ्या बहुतेक करून नागरिकांनाच. म्हणजे व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांनी त्यावर डोळा ठेवू नये.

‘लष्कराच्या भाकऱ्या’. हा मुद्दा मात्र मला लागला, कारण भाकऱ्या मी भाजल्यात. कॉलेजची मान्यता, अभ्यासक्रमाची माहिती, जबाबदारी घेणारे प्राध्यापक, मुलांच्या सह्या: फाइल पुरी व्हायला आमची दोन सेमिस्टर गेली. पहिल्या बैठकीला पिझ्झा होता, वीस जण आले. दुसऱ्या बैठकीला पिझ्झा नव्हता, चार आले. त्या चौघांनीच पुढचं सगळं केलं. फॉर्म भरताना एकीनं डिसेक्शनच्या ट्रेखाली ठेवलेला कागद उचलला, तर त्यावर फॉर्मॅलिनचा पिवळा डाग. पुन्हा सगळ्यांच्या सह्या घ्याव्या लागल्या.

चॅप्टर मिळाल्यावर पहिलं भाषण कुणा पाहुण्याचं नव्हतं. नाशिकहून आलेला एक मुलगा बोलला. पार्किंगच्या भिंतीवरचं मॉस खरवडून त्यानं त्यातून टार्डिग्रेड काढले होते: मिलिमीटरभरही नसलेले, आठ पायांचे, डुलत चालणारे जीव. पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, ‘सावलीतल्या भिंतीवर जास्त सापडतात का?’ तो गडबडला. म्हणाला, ‘मोजलं नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी लॅब उघडायला गेले, तर दोघंही दाराशी उभे. हातात मॉस भरलेल्या दोन पिशव्या, एकीवर मार्करनं लिहिलेलं ‘ऊन’, दुसरीवर ‘सावली’.