दहावीचे नव्वद गुण, पन्नास पर्याय आणि अवघड शब्द: प्रगत इंग्रजी असं मोजता येत नाही

निकालाचे दिवस आले की पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सूत्र तेच असतं: दहावीला इंग्रजीत ९० च्या वर गुण म्हणजे मूल ‘सी-१’ या प्रगत पातळीला पोचलं. खात्री करायचीच असेल तर ५० बहुपर्यायी प्रश्न द्या, त्यात अवघड शब्द घाला. तोंडी घेतलीत तर मूल न अडखळता, इंग्रजांसारखं बोलतं का एवढं बघा. निबंध तपासायच्या भानगडीत पडू नका, कारण प्रत्येक शिक्षक वेगळे गुण देतो.

हे वाचून अनेक शाळा तशाच चाचण्या बनवतात, आणि त्या निकालावर विसंबून मुलं पुढचे निर्णय घेतात. म्हणून यातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

‘९० च्या वर गुण म्हणजे सी-१’

सी-१ ही पातळी युरोप परिषदेने (काउन्सिल ऑफ युरोप) २००१ साली प्रसिद्ध केलेल्या, भाषांच्या सामायिक संदर्भ चौकटीतली आहे. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पातळ्यांत ती पाचवी. पूर्वी न पाहिलेला लांब, गुंतागुंतीचा मजकूर वाचून त्यातला सूचित अर्थही पकडणं, आणि स्वतः सुसंगत, तपशीलवार लिहिणं-बोलणं या पातळीला अपेक्षित आहे.

दहावीच्या परीक्षेचं काम वेगळं आहे. वर्षभर शिकवलेलं किती आलं, हे ती तपासते. तृतीय भाषा इंग्रजीची कृतिपत्रिका ८० गुणांची, उरलेले २० शाळेकडचे. त्या ८० पैकी २० गुण पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर आणि १० पुस्तकातल्या कवितांवर असतात. म्हणजे ३० गुणांचा मजकूर मुलाने वर्गात आणि गाइडमध्ये अनेकदा वाचलेला असतो. कवितेच्या रसग्रहणाचा साचा ठरलेला: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ. हा साचा पाठ करून पैकीच्या पैकी गुण घेणारी मुलं न पाहिलेल्या कवितेपुढे गप्प होतात. यात मुलांचा दोष नाही. परीक्षेने जे मागितलं ते त्यांनी दिलं.

शाळेकडच्या २० गुणांचं वजन किती, हे २०१९ मध्ये दिसलं. त्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. घसरणीच्या कारणांत हे गुण जाणं प्रमुख मानलं गेलं आणि त्याच वर्षी ते परत आणले गेले. एका वर्षात राज्यभरातल्या मुलांची भाषा एवढी बिघडत नाही. मोजमाप बदललं होतं. दहावीचे गुण दहावीपुरते खरे आहेत, त्यांना सी-१ चं लेबल लावता येत नाही.

‘५० बहुपर्यायी प्रश्न पुरेत’

चार पर्यायांच्या ५० प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी १२-१३ बरोबर येतात. पण अंदाज ही यातली लहान अडचण. मोठी अडचण ही की पर्याय समोर असताना बरोबर रूप ओळखणं आणि कोऱ्या ओळीवर ते स्वतः लिहिणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि प्रगत पातळीवर दुसरीचीच कसोटी लागते.

केंब्रिजच्या सी-१ अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेत वाचन आणि भाषावापराच्या पेपरात दीड तासात आठ भाग, ५६ प्रश्न असतात. त्यात बहुपर्यायी प्रश्न आहेतच, पण त्यांच्याबरोबर पर्यायांशिवाय गाळलेले आठ शब्द भरणं, दिलेल्या मूळ शब्दापासून योग्य रूप घडवणं आणि वाक्यरूपांतरही आहे. वाक्यरूपांतराच्या नमुन्याचा एक प्रश्न बघा:

‘इट वॉज वेल आफ्टर मिडनाइट व्हेन द बस लेफ्ट.’
दिलेला शब्द: ‘अंटिल’.
‘द बस ........ वेल आफ्टर मिडनाइट.’

नियम असा की दिलेला शब्द जसाच्या तसा वापरायचा आणि तो धरून तीन ते सहा शब्दांत जागा भरायची. उत्तर: ‘डिड नॉट लीव्ह अंटिल’. याला दोन गुण, दोन तुकड्यांत: ‘डिड नॉट लीव्ह’ला एक, ‘अंटिल’ नेमक्या जागी आल्याबद्दल एक. आपल्याकडे वारंवार दिसणारं चुकीचं उत्तर ‘वॉज नॉट लेफ्ट अंटिल’. मुलाला अर्थ कळलेला असतो, नकाराची रचना येत नसते. बहुपर्यायी प्रश्नात हेच मूल ‘डिड नॉट लीव्ह’वर बिनचूक खूण करतं आणि ही उणीव झाकली जाते.

असे प्रश्न बनवताना खरा घोळ उत्तरसूचीत होतो. वरच्या जागी कोणी ‘डिड नॉट डिपार्ट अंटिल’ लिहिलं तर? इंग्रजी बरोबर आहे, गुण द्यायला हवेत. म्हणून प्रश्न आधी दुसऱ्या तुकडीतल्या २०-३० मुलांना द्या, आलेली सगळी मान्य होण्याजोगी उत्तरं सूचीत लिहा, आणि मगच खऱ्या चाचणीत वापरा. एखाद्या जागेला सहा-सात बरोबर उत्तरं निघाली तर तो प्रश्न सोडून दिलेला बरा.

वाचनासाठी बहुपर्यायी प्रश्न ठेवायला हरकत नाही, पण दोन तपासण्या कराव्याच लागतात. पहिली: दोन सहकाऱ्यांना उतारा न देता नुसते प्रश्न सोडवायला सांगा. सामान्यज्ञानावर किंवा सगळ्यात लांब पर्याय निवडून जी उत्तरं बरोबर येतील, ते प्रश्न बाद. दुसरी चाचणीनंतरची. ४० मुलांचा वर्ग असेल तर एकूण गुणांनुसार वरची १३ आणि खालची १३ घ्या. एखादा प्रश्न वरच्यांपैकी ११ जणांना आणि खालच्यांपैकी ४ जणांना आला, तर फरक ७, त्याला १३ ने भागून ०.५४. प्रश्न चांगला आहे. ०.३ च्या खाली गेला तर संशय घ्या. उणे आला, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्च्यांना जमलं, तर बहुतेक वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. हे गणित कागदावर अर्ध्या तासात होतं आणि त्याला संगणक लागत नाही.

‘अवघड शब्द घाला’

हा मुद्दा फार वेळ देण्याच्या लायकीचा नाही, पण नुकसान बरंच करतो. ‘प्लेथोरा’, ‘मिरिअड’ अशा शब्दांच्या याद्या पाठ करून मुलं निबंधात कुठेही पेरतात. प्रगत इंग्रजीची खूण साध्या शब्दांच्या जोड्यांत दिसते. पावसाला ‘हेवी रेन’ म्हणतात, ‘स्ट्राँग रेन’ नाही. निर्णय ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही. हे ज्याला सवयीने येतं तो खरा पुढे गेलेला. चाचणीत दुर्मीळ शब्दाचा अर्थ विचारू नका. ओळखीच्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो ते विचारा. औपचारिक पत्रात मित्राच्या चिठ्ठीचा सूर लागतोय का, हेही त्याच जातीचं कौशल्य आहे आणि त्याला स्वतंत्र गुण हवेत.

‘न अडखळता, इंग्रजांसारखं’

संदर्भ चौकटीची २०२० मध्ये पूर्ण झालेली पुरवणी इथे निर्णायक आहे. तिने वर्णनांतून मातृभाषकाशी होणारी तुलना काढून टाकली आणि उच्चारांच्या निकषांत भर सुगमतेवर, म्हणजे ऐकणाऱ्याला किती सहज कळतं यावर, दिला. मराठी वळण ऐकू आलं म्हणून एकही गुण जाऊ नये. गुण जायचे ते अर्थ अडतो तिथे: ‘चव’ आणि ‘परीक्षा’ या दोन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द सारखेच ‘टेस्ट’ ऐकू आले, किंवा ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’ दोन्हींत पहिल्याच अक्षरावर जोर आला, तर ऐकणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

अडखळण्याचंही तसंच. अवघड कल्पना मांडताना क्षणभर थांबणं सी-१ च्या वर्णनात बसतं. उलट एका दमात आलेलं भाषण बहुतेकदा पाठांतर असतं. ते ओळखायचं तर मधेच एक प्रश्न विचारा. पाठ केलेलं असेल तर त्या प्रश्नानंतर शब्दसंपदा आणि वाक्यांची लांबी दोन्ही एकदम खाली येतात.

म्हणून तोंडी परीक्षा जोडीने घ्यावी. केंब्रिजच्या सी-१ मध्ये दोन परीक्षार्थींना मिळून १५ मिनिटं असतात: थोडी ओळख, मग प्रत्येकी एक मिनिट सलग बोलणं, दोघांनी मिळून एक प्रश्न सोडवणं, आणि शेवटी त्या विषयावर चर्चा. एक परीक्षक बोलतो, दुसरा फक्त ऐकतो आणि तपशीलवार गुण देतो. शाळेत बोलणाराच सगळे गुणही देतो आणि तिथेच गडबड होते, कारण पुढचा प्रश्न शोधताना मागचं उत्तर निसटतं.

४० मुलांच्या २० जोड्या, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे निव्वळ पाच तास. मधली ये-जा धरून दोन दिवस ठेवा. प्रश्नांचे किमान सहा संच लागतात, नाहीतर तिसऱ्या जोडीपर्यंत सगळे प्रश्न बाहेर पोचलेले असतात. आटोपलेल्या आणि थांबलेल्या मुलांची दारं वेगळी ठेवा. जोडीतला एक जण सगळा वेळ खात असेल तर परीक्षकाने दुसऱ्याचं नाव घेऊन त्याच्याकडे वळायचं. गप्प बसलेल्याचे गुण शेजाऱ्याच्या बडबडीमुळे जाऊ नयेत.

ऐकण्याच्या कौशल्याबद्दल तर ग्रुपवर फिरणाऱ्या त्या मजकुरात एक अक्षर नाही. सी-१ मध्ये त्याला सुमारे ४० मिनिटं आणि ३० प्रश्न आहेत, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात. शाळेत आदल्या दिवशी पंखे चालू ठेवून शेवटच्या बाकावर बसून एकदा ऐकून बघा. तिथे शब्द कळले नाहीत तर तुम्ही मुलाचं इंग्रजी मोजत नसून वर्गातली त्याची जागा मोजता आहात.

‘निबंध तपासू नका, गुण व्यक्तिनिष्ठ असतात’

अडचण खरी आहे, इलाज चुकीचा. लेखन वगळलं की पुढच्या वर्षीपासून वर्गात लेखन शिकवणंच बंद होतं, हे प्रत्येक इंग्रजीच्या शिक्षकाला ठाऊक आहे.

आधी विषय बदला. ‘मोबाइलचे फायदे-तोटे’ दिलंत तर ४० मुलं एकाच गाइडमधले परिच्छेद उतरवतील. सी-१ च्या सक्तीच्या निबंधात तीन मुद्दे देऊन त्यांतल्या दोनांवरच लिहायला सांगतात आणि एकाची निवड कारणासह मागतात; मर्यादा २२० ते २६० शब्द. तसाच विषय द्या: नगरपालिकेकडे मुलांसाठी एकाच कामापुरता निधी आहे, वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवणं, मैदानावर दिवे किंवा सायकलींसाठी रस्ता; दोन पर्यायांची तुलना करून एक सुचवा. पाठ केलेला निबंध इथे चालत नाही. हमखास होणारी चूक म्हणजे तिन्ही मुद्दे उरकणं: प्रत्येकाला ७०-८० शब्द येतात आणि युक्तिवाद कुठलाच पुरा होत नाही.

वयाचं भानही ठेवा. केंब्रिजच्या ‘फॉर स्कूल्स’ आवृत्त्या ए-२, बी-१ आणि बी-२ या पातळ्यांना आहेत, सी-१ ला नाही. सी-१ च्या परीक्षेत प्रस्ताव, अहवाल असे प्रौढांचे लेखनप्रकार येतात. पंधरा वर्षांच्या मुलाने प्रस्ताव कधी वाचलेलाच नसेल तर कमी गुण भाषेचे की अनुभवाचे, हे सांगता येणार नाही. तो प्रकार आधी वर्गात दोन-तीनदा दाखवा, मगच विचारा.

आता तपासणी. निकष चार: विचारलेलं सगळं आलं का, वाचक आणि प्रसंग ओळखून लिहिलंय का, मांडणी, आणि भाषा. प्रत्येकाला ० ते ५. तपासणाऱ्यांनी सुरुवातीला सहा उत्तरपत्रिका निवडाव्यात, एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत, मग एकत्र बसून फरकांवर बोलावं आणि त्या सहा पत्रिका मापदंड म्हणून समोर ठेवाव्यात. पुढे प्रत्येक निबंध दोघांनी तपासायचा. पहिल्याने उत्तरपत्रिकेवर काहीही लिहायचं नाही, गुण वेगळ्या कागदावर. कुठल्याही निकषात एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर तिसऱ्याकडे. पहिल्या दिवशी अशा पत्रिका बऱ्याच निघतील, सवय झाली की कमी होतात.

लाल रेघा मोजून गुण कापण्याची पद्धत मात्र सोडावीच लागेल. एका मुलाने लिहिलं: ‘द लायब्ररी इज गुड. स्टुडंट्स कॅन रीड देअर.’ चूक शून्य. दुसरीने लिहिलं: ‘हॅड द लायब्ररी बीन ओपन टिल नाइन, फ्यूअर स्टुडंट्स वुड हॅव हॅड टू डिपेंड ऑफ कोचिंग क्लासेस.’ इथे ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ हवं होतं. तरी भाषेच्या निकषात दुसरी पुढेच असायला हवी, कारण तिने सशर्त रचना पेलली आहे आणि तिच्या चुकीने अर्थ अडत नाही. चुका मोजणाऱ्या तपासणीत पहिला जिंकतो आणि वर्ग सुरक्षित, तोकडी वाक्यं लिहायला शिकतो.

निकालपत्रात एकच आकडा देऊ नका. सी-१ अ‍ॅडव्हान्स्डमध्ये वाचन, भाषावापर, लेखन, श्रवण आणि संभाषण यांचे गुण स्वतंत्र देतात आणि त्यांची सरासरी हा एकूण गुण. केंब्रिजच्या मापावर १८० ते १९९ म्हणजे सी-१, २०० ते २१० मिळाले तर प्रमाणपत्र सी-२ चं, १६० ते १७९ असतील तर बी-२ चं. शाळेच्या चाचणीला हे आकडे चिकटवू नका, कारण ती त्या मापावर बसवलेली नसते. पाच रकाने मात्र जरूर ठेवा. वाचनात वर आणि लेखनात खाली असलेल्या मुलीला पुढच्या सत्रात शब्दांच्या याद्या द्यायच्या नाहीत, दर आठवड्याला एक २२० शब्दांचा मजकूर लिहायला द्यायचा, हे शिक्षकाला त्या पाच रकान्यांतूनच दिसतं.